शनिवारी डागतोय

कार्ड मंगळवारी आलं. दातांच्या डॉक्टरचं असेल म्हणून मी ते विजेच्या बिलाबरोबर ओट्यावर टाकलं आणि कॉफी अर्धी संपल्यावर पुन्हा हातात घेतलं, कारण त्यावर छापलेली डागाची खूण ओळखीची वाटली. ‘प्रुएट रँच. वार्षिक डागणी. शनिवार, सतरा मे. पाहुण्यांनी सकाळी दहापर्यंत यावे. गाड्या खालच्या कुरणात लावाव्यात. जेवण: बीफ किंवा शाकाहारी, कृपया खूण करावी.’ खाली कुणीतरी गोल गोल अक्षरात ‘वेंडेल आणि ॲर्लिस’ असं लिहिलं होतं. अक्षर नोलाचं नव्हतं. मी ते तीनदा वाचलं. छत्तीस वर्षं मी प्रुएटांकडे वासरं डागायला, त्यांच्या अंगावर तापल्या लोखंडाने मालकाची खूण उठवायला, जातोय आणि छत्तीस वर्षांत मला कुणी कार्ड पाठवलेलं नाही. डागणीचं कार्ड नसतंच मुळी. फोन येतो. डेल होता तेव्हा डेल करायचा, तो गेल्यापासून त्याची बायको नोला करते. ‘शनिवारी डागतोय,’ एवढंच. आपण म्हणायचं ‘बरं’, आणि फोन ठेवायचा. किती वाजता म्हणून कुणी विचारत नाही. उजाडायच्या आत पोचायचं असतं हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पैसे कुणी देत नाही, आभार कुणी मानत नाही. आज तुमच्याकडे मी, पुढच्या शनिवारी माझ्याकडे तुम्ही. आणि ज्याला फोन येत नाही, त्याने गप्प बसायचं. ‘मी येऊ का’ असं आपण होऊन विचारणं! आमच्या तालुक्यात माणसांनी दारू पिऊन कोठारं जाळली आहेत, भावाच्या बायका पळवल्या आहेत, पण असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

ॲर्लिस पोहून आली. माझी बायको आठवड्यातून चार दिवस नगरपालिकेच्या तलावात पोहते. खुब्यासाठी, असं ती म्हणते, पण मला शंका आहे की तिला ते नुसतंच आवडतं. ओल्या केसांनी तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “छान छापलंय गं बाई! शाकाहारीवर खूण करू? त्या डॉक्टरने मला लाल मांस कमी करायला सांगितलंय.” मी विचारलं, “फोन आला होता का?” “कुणाचा?” “नोलाचा.” “अरे, तिने कार्ड पाठवलंय ना? मग फोन कशाला करेल?” हे तिने इतक्या सरळपणे म्हटलं की मला रागही आला नाही. तिला बरोबरच कळलं होतं. कार्ड आलं, म्हणजे फोन येणार नाही. “काय झालं तुला?” तिने विचारलं. “काही नाही,” मी म्हणालो. “तोंड तर असं केलंयस की जसं काही दावणीतली गाय मेली.” दावणीला गाय नाही म्हणूनच तर, असं मनात आलं.

गाई विकून मला चौदा वर्षं झाली. जमीनही तेव्हाच विकली. ॲशबी शहर तेव्हा नुकतं वाढायला लागलं होतं; हमरस्त्यावर तो मोठा फलक लागला होता, घोडेस्वाराची काळी आकृती आणि खाली ‘या, काउबॉयचा जुना पश्चिम इथे अजून जिवंत आहे’. लोक आलेसुद्धा. कॅलिफोर्नियातून आले, शिकागोहून आले. त्यांना डोंगर हवे होते, कमी कर हवे होते, पोरांना शाळा आणि स्वतःला बूट हवे होते. ते वाईट नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझा आवाज ऐकून लोकांना तसं वाटतं. पण कुठेतरी पाणी मुरतंय असं मला त्यांच्याकडे पाहून नेहमी वाटत आलंय. बँकेतला मॅनेजर गुरांच्या डॉक्टरसारखे बूट घालून बसतो. कॉफीच्या दुकानात बसायला खोगिरं केली आहेत. दिव्यांच्या खांबांवर लोखंडी घोडे. माझ्या गवताच्या कुरणावर आता एकशे दहा घरं आहेत आणि त्यातल्या एका घरात मी राहतो, कारण विकताना घरं बांधणाऱ्या कंपनीने एक घर सवलतीत दिलं आणि ॲर्लिस म्हणाली, घे. रस्त्याचं नाव स्टॅगनर लेन. स्टॅगनर म्हणजे मी. पाहुण्यांसमोर मी त्या पाटीला हसतो. एकटा असलो की गाडी थोडी हळू करतो. आणि खरं सांगायचं तर मला इथे बरं वाटतं! तेराव्या रस्त्यावर ती व्हिएतनामी बाई शेवयांचं सूप करते, ते मला आवडतं. हिवाळ्यात बर्फ दुसरं कुणीतरी ढकलतं. छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिका सात मिनिटांत दारात होती. रँचवर असतो तर मी ही गोष्ट सांगायला उरलो नसतो. म्हणूनच संशय येतो. इतकं बरं वाटणारा माणूस कोण आहे, तो कधीपासून इथे राहतोय, हे मला आरशात दाढी करताना हल्ली अधूनमधून विचारावंसं वाटतं.

पण तो विचार नंतरचा. त्या मंगळवारी माझा संशय सरळ कुंपणापलीकडे गेला. शेजारी नील ओस्टरमन. सॅन होजेहून तीन वर्षांपूर्वी आला, काहीतरी संगणकाचं काम घरात बसून करतो, चाळिशीचा असेल. आल्या आल्या त्याने एक प्लॅस्टिकचं वासरू मागवून गॅरेजसमोर उभं केलं आणि रोज संध्याकाळी त्याच्यावर फास टाकायला लागला. पहिल्या उन्हाळ्यात मी खिडकीतून बघून पोट धरून हसलो. दुसऱ्या उन्हाळ्यात हसणं बंद झालं. हा माणूस फास चांगला टाकतो. मनगट सैल, घाई नाही. मागचे दोन्ही पाय एका फासात येतात. मीच म्हणालो नोलाला, पोरगं कामाचं आहे, पाय धरायला आणतो. आणि गेल्या वर्षी माझ्याच पिकअपमधून मीच त्याला तिथे नेलं. जाताना चाळीस मिनिटं मी त्याला शिकवत होतो. बोलावल्याशिवाय दोर हातात घ्यायचा नाही. कुणाच्या घोड्यापुढून जायचं नाही. फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं. तो वहीत लिहून घेतल्यासारखं ऐकत होता. आता गेले काही रविवार त्याची गाडी सकाळीच बाहेर पडते आणि परत येते तेव्हा चाकांना लाल चिखल असतो. शहरात लाल माती नाही. ती फक्त प्रुएटांच्या वरच्या वाडग्याच्या, म्हणजे गुरं कोंडायच्या आवाराच्या, रस्त्याला आहे. हे मी आधीही पाहिलं होतं, पण पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

बुधवारी मी पाण्याची नळी घेऊन त्याच्या बाजूला उगाचच गवत भिजवत उभा राहिलो. तो वासरावरून दोर काढत होता. “काय रे, शनिवारचा काय बेत?” मी अगदी सहज विचारलं. आता हे कॅलिफोर्नियावाले कसे असतात? न विचारता सगळं सांगतात. याने मला स्वतःच्या घटस्फोटाची गोष्ट ओळख झाल्यावर वीस मिनिटांत सांगितली होती, आतड्यांच्या तपासणीची चित्रं दाखवली होती. आणि हा माणूस दोर गुंडाळत, खाली बघत म्हणाला, “शनिवारी? काही विशेष नाही. जरा बाहेर जायचंय.” “कुठे?” “इथंच. बाहेर.” “दहाला?” त्याने मान वर केली. क्षणभर त्याच्या तोंडावर असं काहीतरी आलं की जे मी गुरं विकायला काढलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिलंय. मग म्हणाला, “नाही वेंडेल, जरा लवकर.” आणि आत गेला. झालं! माझ्या मनात जी पाल चुकचुकत होती ती भिंतीवरून उडी मारून समोर येऊन बसली. याला फोन आला. मला कार्ड आणि याला फोन. मी नळी बंद करायची विसरलो. शेजारच्या रस्त्यापर्यंत पाणी गेलं आणि ॲर्लिसने खिडकीतून माझा उद्धार केला.

रात्री जेवताना डेल आठवत राहिला. मी जमीन विकली तेव्हा डेलला सांगितलं नव्हतं. शेजारी, बालमित्र, माझ्या लग्नात माझ्या बाजूला उभा राहिलेला. पण सांगायचं म्हणून तीनदा त्याच्या अंगणात गाडी नेली आणि तीनदा हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो. मोजणीवाल्यांनी माझ्या कुरणात गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या आणि डेलने त्या त्याच्या टेकडीवरून पाहिल्या. त्या हिवाळ्यात तो एकदाही भेटला नाही. मला वाटलं संपलं. पण मे महिन्यात फोन वाजला, “शनिवारी डागतोय,” आणि मी “बरं” म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभा राहून, लाज सोडून रडलो. मग दर मे महिन्यात मी तो फोन यायच्या आधीचा आठवडा असा काढतो की घराबाहेर पडत नाही. ॲर्लिसला वाटतं मला वसंतातल्या परागांचा त्रास आहे. शहरात माझं घर आहे, रस्ता आहे, डॉक्टर आहे, शेवया आहेत. पण मी कोण, हे मला वर्षातून एकदा तीन सेकंदांच्या त्या फोनवर सांगितलं जातं. तो आला नाही तर मीही फलक वाचून आलेलाच की.

गुरुवारी लायलकडे केस कापायला गेलो. गरज नव्हती. पण ॲशबीत काही खरं कळायचं असेल तर लायलच्या दुकानात. त्याच्या आजोबांनी माझ्या आजोबांचे केस कापले आहेत. मी आडून आडून सुरुवात केली. यंदा पाऊस बरा, गवत बरं, नोलाचं बरं चाललंय ना? त्याची कात्री थांबली. मग पुन्हा सुरू झाली. “तू जाणारेस ना दहाला?” त्याने विचारलं. मी आरशात त्याच्याकडे पाहिलं. “दहा वाजता हे तुला कसं कळलं? तुलाही कार्ड आलं?” “मला कशाला येईल? मी न्हावी.” “मग?” “डोकं सरळ ठेव, कान कापला जाईल.” बराच वेळ तो ताकास तूर लागू देईना. मानेवर पावडर मारताना मात्र खालच्या आवाजात म्हणाला, “हे बघ वेंडेल, इथे ऐकलेलं मी बाहेर नेत नाही. माझ्या बापानेही नेलं नाही. पण माझ्या दुकानात वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या चार आहेत.” मी म्हणालो, “म्हणजे काय?” “म्हणजे चार आहेत,” तो म्हणाला. मी वळून पाहिलं. चारही खुर्च्या भरलेल्या होत्या. नवे लोक, हातात फोन, पायात चांगले बूट. मला वाटलं तो नीलबद्दल बोलतोय. नील इथे बसून काहीतरी पेरून गेला असणार. की म्हातारा थकलाय, की त्याचा हात कापतो. माझा हात कापत नाही. घरी येऊन मी पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला पाच मिनिटं धरून उभा राहिलो आणि थेंब सांडला नाही. ॲर्लिसने दारातून पाहिलं आणि निघून गेली.

शुक्रवारी दिवसभर फोन जवळ ठेवला. दोनदा वाजला, एकदा सौरऊर्जेची पॅनेल्स विकणारी मुलगी, एकदा आमची मुलगी. तिच्याशीही मी धड बोललो नाही. संध्याकाळी मी टोपीला ब्रश करत बसलो होतो तेव्हा ॲर्लिस समोर येऊन बसली. “वेंडेल, एक विचारू? चिडणार नाहीस?” “चिडेन.” “गाई होत्या तेव्हा तू ही टोपी घालायचास का?” मी ब्रश थांबवला. गाई होत्या तेव्हा मी खाद्याच्या दुकानातून फुकट मिळालेली कापडी टोपी घालायचो, घामाने पांढरी पडलेली. ही चांगली टोपी मी विकल्यानंतर घेतली. बूटही. “तुला बोचावं म्हणून नाही म्हटलं,” ती म्हणाली. “पण तू इतका जिवाला का लावून घेतोस? जाऊ ना दहाला. खुर्चीवर बसू. लोक मजेत असतात, आपणही असू.” मी म्हणालो, “मी पहाटे जाणार.” “कार्डावर दहा लिहिलंय.” “ते पाहुण्यांसाठी.” “मग आपण कोण?” तिला खरंच कळत नव्हतं की ती काय विचारतेय, की चांगलंच कळत होतं? बेचाळीस वर्षांच्या संसारात मला हे अजून ओळखता येत नाही.

शनिवारी उजाडायच्या आतच प्रुएटांकडे पोचलो. वरच्या वाडग्याशी सहा पिकअप होत्या, गॅसच्या भट्टीचा घरघर आवाज येत होता, आणि आयांपासून तोडलेली वासरं अशी हंबरत होती की बाकी काही ऐकू येऊ नये. सगळे ओळखीचे. दोघे इचेव्हेरी भाऊ पाय धरायला. नोलाची मुलगी टेरा डागायची लोखंडं तापवत होती. आणि डेलच्या तपकिरी घोडीवर, हातात दोर घेऊन, नील. त्याने मला पाहिलं आणि टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. कुणी ‘ये’ म्हणालं नाही, कुणी ‘जा’ म्हणालं नाही. मी कुंपणाला हात लावून उभा राहिलो. तिथे उभं राहणं मला कधी जमलेलं नाही. छत्तीस वर्षं मी आत असायचो, गुडघ्यापर्यंत धुळीत, आणि शेवटी वासरं सोडताना फाटकावर. ते काम डेलने मला दिलं होतं.

नोला लसीची पिचकारी हातात घेऊनच आली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. चालताना अजून कुणाला वाट देत नाही. “लवकर आलास,” ती म्हणाली.

“नेहमीच्या वेळेला आलो.”

“कार्डावर दहा आहे.”

“नोला, गेल्या वर्षी माझं काही चुकलं का? दोर सुटला? कुणाला लागलं? म्हातारा झालास म्हणत असशील तर तोंडावर म्हण. पण परवा आलेल्या माणसाला डेलची घोडी देतेस आणि मला कार्ड! त्याने काय सांगितलंय तुला माझ्याबद्दल?”

“नीलने? त्याने काही सांगितलं नाही. तो तोंड उघडत नाही, म्हणून तर बोलावते त्याला.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “एकशे त्रेचाळीस,” ती म्हणाली.

मला काही कळलं नाही. आणि मग कळायला लागलं, पायाच्या बोटांपासून वर.

“जानेवारीत एक माणूस आला,” नोला सांगत होती. “चांगला होता दिसायला. बूट पुसून आत आला. माझ्या टेबलाशी बसून माझी कॉफी प्यायला आणि म्हणाला, मिसेस प्रुएट, एकशे त्रेचाळीस वासरांवर एवढी मोठी जमीन तुम्ही अजून किती दिवस ओढणार? आमची कंपनी चांगली आहे, घाई नाही, विचार करा. वेंडेल, मी तो आकडा टेरालासुद्धा सांगितला नव्हता. फाटकावर कोण होतं रे?”

माणसाला त्याची गुरं किती, हे आमच्याकडे विचारत नाहीत. दुसऱ्याच्या खिशात हात घालून बघण्यातली गोष्ट आहे ती. मोजतात सगळे, फाटकातून गुरं गेली की डोळे आपोआप मोजतात, आणि तोंड बंद राहतं. मी मोजली होती. आणि गेल्या जूनमध्ये लायलच्या खुर्चीत, मानेभोवती फडकं गुंडाळलेलं असताना म्हणालो होतो, “नोलाची यंदा एकशे त्रेचाळीसच भरली रे. डेल होता तेव्हा तीनशेच्या खाली नसत. कठीण आहे बाईचं.” हळहळून म्हणालो होतो. असं मी तिला सांगणार होतो, आणि ते खोटं नव्हतं. पण तिच्यासमोर उभं राहून मला हेही आठवलं की म्हणताना आत कुठेतरी गार वाटलं होतं. मी एकटाच नाही विकणारा. तीही येईल एक दिवस खाली, आमच्या गल्लीत. मागच्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं ते मी पाहिलंही नव्हतं.

“मी मुद्दाम नाही केलं, नोला.”

“माहीत आहे. मुद्दाम केलं असतंस तर कार्डसुद्धा धाडलं नसतं.” तिने पिचकारीची सुई तपासली. “गंमत बघ, त्या पोराला पहिल्या दिवशी गाडीत तूच शिकवलंस म्हणे, की आकडा विचारायचा नाही आणि सांगायचाही नाही. त्याने लक्षात ठेवलं.” मी काहीतरी बोलणार होतो. तिने हात वर केला. “आता जा. दहाला ये. ॲर्लिसला आण, मला तिच्याशी बोलायचंय त्या तलावाबद्दल. माझेही गुडघे गेलेत.” आणि ती वळली. मागे कुणीतरी वासराचे पाय ओढले आणि केस जळल्याचा वास आला.

मी घरी गेलो. दहाला आम्ही खालच्या कुरणात गाडी लावली, जिथे लावायला सांगितली होती तिथे. घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, चाळीसेक तरी. लिंबाचं सरबत, पिवळ्या रुमालात बांधलेले काटेचमचे. टेराने हे सगळं यंदा का सुरू केलं तेही कुणीतरी सांगत होतं: शहरातल्या लोकांना असा दिवस हवा असतो, ते तिकीट काढून येतात. आम्हाला मात्र फुकट. मी ती टोपी घालून दुसऱ्या रांगेत बसलो आणि दोघांनी येऊन माझा फोटो काढू का विचारलं. मी काढू दिला. वाडग्यात नीलने शेवटचं वासरू ओढून आणलं. फास सुंदर पडला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तो लाजला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाजवायच्या नसतात. मग टेराने फाटक उघडलं आणि वासरं आयांकडे धावत सुटली. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. हातातल्या पेल्याकडे बघितलं, ॲर्लिसच्या बुटांकडे बघितलं. पण डोळ्यांना कोण सांगणार? दोन, चार, सात, नऊ. धूळ उडाली तरी त्यांनी सोडलं नाही. शेवटचं लंगडं वासरू बाहेर पडलं तेव्हा एकशे अठरा झाली होती. एका वर्षात पंचवीस कमी. नोला फाटकाशी उभी होती, आणि पाठीवरूनच कळत होतं की तिनेही मोजली आहेत.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई होती, साठीची, उत्साही, गेल्याच महिन्यात शिकागोहून आलेली. तिने सुनेला पाठवायला सगळं फोनमध्ये टिपलं होतं. ती माझ्याकडे वळली. “तुम्ही इथलेच ना? टोपीवरूनच कळतं! मला आवडलं बाई हे शहर. इथे कसं सगळं खरं आहे.” मग तिने वाडग्याकडे बोट दाखवून अगदी मोकळेपणी, जिभेला हाड नसल्यासारखं विचारलं, “काहो, किती असतील हो ही सगळी?”

माझ्या मागच्या रांगेत कोण बसलं होतं ते मी वळून पाहिलं नाही.

“मी मोजली नाहीत बाई,” मी म्हणालो.

“अंदाजे?”

“मला मोजता येत नाहीत,” मी म्हणालो. “मी शहरात राहतो.”

ती हसली, म्हणाली, “अय्या, मीही!” आणि तिने मला सरबत आणून दिलं. नोला तिकडे दूर फाटकाला साखळी घालत होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नाही.